बाळंतिणीच्या खोलीतलं हवेचं यंत्र

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'इनडोअर एअर कन्सल्टंट' असं छापलेलं आहे. ही पदवी मला कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही. ती खारघरच्या दुकानाचे मालक धीरजभाई यांनी दिली, आणि तीही कार्डावर माझ्या नावाखाली जागा फारच मोकळी दिसत होती म्हणून. त्याआधी मी महाप्यातल्या एका कारखान्यात फिल्टर तपासायची. औषध कंपन्यांच्या ज्या खोल्यांत धुळीचा कण चालत नाही, त्यांच्यासाठी आम्ही फिल्टर बनवत असू. तयार फिल्टरच्या एका बाजूने धूर सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने काही निसटतं का ते यंत्रावर बघायचं, यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा मला कन्सल्टंट कुणी म्हणत नसे. 'ओ मॅडम, लॉट पास करा ना,' एवढंच म्हणत.

निवृत्तीनंतर घरी बसून वाचायचं ठरवलं होतं. पुस्तकांची चळतही तयार होती. पण दिवाळी संपली की आमच्या नवी मुंबईची हवा खाली बसते. खाडीपलीकडचं दिसेनासं होतं, संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून तो ओळखीचा वास येतो, व्हॉट्सअॅपवर लाल आकडे फिरायला लागतात, आणि वर्षभर पार्किंगवरून भांडणारी माणसं एकमेकांना प्रेमाने विचारतात, 'तुम्ही कुठला प्युरिफायर घेतला?' धीरजभाईंना घरोघरी जाऊन खोली बघणारं आणि यंत्र सुचवणारं कुणीतरी हवं होतं. मी हो म्हटलं. पुस्तकांची चळत अजून तशीच आहे.

या कामातली विनोदी गिऱ्हाइकं सांगायची तर पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते खांदेश्वरच्या एका खोलीबद्दल, जिथे एक बाळंतीण आणि तिची काही दिवसांची मुलगी झोपत होत्या. त्या खोलीत काय घडलं ते कळायला हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही, हे आधी माहीत हवं.

हवा शुद्ध करणारं यंत्र म्हणजे एक पंखा आणि एक घड्या घातलेला कागद. पंखा खोलीतली हवा ओढतो, कागद तिच्यातले कण अडवतो, आणि गाळलेली हवा परत खोलीत येते. बाकी जे काही खोक्यावर लिहिलेलं असतं ते बहुतेक साहित्य. सोबत कोळशाच्या पुडीचा एक थर असतो, तो थोडेफार वास पकडतो. समोर एक आकडा आणि एक दिवा असतो. हवेत कण जास्त झाले की दिवा लाल, कमी झाले की हिरवा. दिव्याला फक्त कण दिसतात. जो वायू कण नाही, तो त्या दिव्यासमोर बसून राहिला तरी दिवा हिरवाच.

निवड करताना खोली केवढी आहे, बदली फिल्टर सहज मिळतो का, आणि आवाज सहन होईल का, एवढं बघावं. लोक मात्र भलतंच बघतात. नेरूळच्या एका बाईंनी यंत्रावर क्रोशाचं आच्छादन घातलं होतं, फ्रिजवर घालतात तसं, आणि 'मशीन वारा घेत नाही' अशी तक्रार केली होती. ऐरोलीच्या एका प्राध्यापकांनी यंत्र अख्खा हिवाळा वापरलं आणि त्याच्या गुणांवर कॉलनीच्या वाचनालयात भाषणही दिलं. मी उघडून पाहिलं तर आतला फिल्टर कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा.

'पण मला फरक जाणवत होता,' प्राध्यापक म्हणाले.

'जाणवणारच,' मी म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

दुकानात धीरजभाईंचा एक लाडका प्रयोग आहे. गिऱ्हाईक समोर आलं की ते यंत्राशेजारी अगरबत्ती पेटवतात. दिवा लाल होतो, पंखा गुरगुरतो, थोड्या वेळात दिवा हिरवा. धीरजभाई हात पसरून म्हणतात, 'देखा? धूर खाऊन टाकला!' लोक चक्क टाळ्या वाजवतात.

हा प्रयोग बघून कदमकाकू फार खूश झाल्या होत्या. त्या आणि कदमकाका डिसेंबरात दुकानात आले. मूळचे चिपळूणकडचे, काका बँकेतून निवृत्त, फ्लॅट खांदेश्वर स्टेशनजवळ. मुलगी प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला नुकतीच मुलगी झालेली. बाहेरची ती हवा बघून काकूंचा जीव वरखाली होत होता.

'एवढासा जीव हो, आणि ही असली हवा,' त्या म्हणाल्या. 'मला सगळ्यात चांगलं मशीन सांगा. धूर खाणारं.'

'कसला धूर?' हे मी तेव्हा विचारलं नाही. बाहेरचा, असंच मी धरून चालले.

घरी गेले तेव्हा खोली पाहिली. मध्यम आकाराची, एकच सरकती खिडकी, तिला रबराची पट्टी, पलीकडे गॅलरी. खिडकी बोटभर उघडी होती. बाळ पाळण्यात झोपलेलं, डोक्याला टोपडं, कपाळाला तीट. दोन यंत्रं सुचवली होती, त्यातलं एक दुकानाच्या रिवाजाप्रमाणे वापरून बघायला ठेवलं. निघताना काकांनी स्वतःचा नंबर दिला. 'हिला फोन केलात तर ही उचलायची नाही. चष्मा शोधेपर्यंत फोन बंद पडतो.'

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पाम बीच रोडवरच्या एका टॉवरमध्ये होते. तिथल्या साहेबांच्या घरात शिरल्याबरोबर कारंजं आहे आणि एका खोलीला 'वेलनेस रूम' म्हणतात. तिथे यंत्र ईशान्येलाच ठेवायचं असा त्यांच्या वास्तुतज्ज्ञांचा हुकूम होता, आणि ईशान्येला प्लग नव्हता. आम्ही दोघं त्या कोपऱ्याकडे गंभीरपणे बघत असताना कदमकाकूंचा फोन आला.

'मॅडम, मशीन ठेवून घ्यायचं ठरलं आमचं! काय कमाल आहे हो. शेगडी आत आणली, ओवा टाकला, की हे लालभडक. आणि मालीशवाल्या बेबीमावशीचा हात बाळाच्या पाठीवरून फिरेपर्यंत हिरवं!'

'शेगडी?' मी म्हटलं. 'कुठली शेगडी?'

'अहो, बाळंतिणीला शेक नको का? तुम्हाला नाही दिला तुमच्या आईने? आता मशीन धूर खातं म्हटल्यावर मी खिडकीची ती फटसुद्धा लावून टाकली. वारा लागायची भीती नाही.'

'निखारे आत आहेत? आत्ता?'

'आहेत ना, शेक चाललाय. प्राजूला जरा डोकं दुखतंय परवापासून, मळमळतंय पण. पण हिचं पहिल्यापासून असंच नाजूक—'

'काकू, खिडकी उघडा. आधी खिडकी उघडा आणि शेगडी—'

'आले गं मावशी! ठेवते हां मॅडम.'

फोन बंद झाला. मी परत लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे छान फुलले, लाल झाले, की आपल्याला वाटतं आता धोका गेला. तेव्हाही तो निघतच असतो. श्वासातून रक्तात जातो आणि ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. जुन्या घरांत हाच शेक चालायचा, पण त्या घरांना कौलांच्या फटी होत्या, दारं नीट बसत नव्हती, वायूला जायला शंभर वाटा होत्या. या खोलीला एकच वाट होती, बोटभर. आणि यंत्राचा दिवा हिरवा बघून ती बंद करण्यात आली होती.

'मॅडम, हे आयव्हरी रंगात मिळेल ना?' साहेबांनी विचारलं.

मी काकांचा नंबर लावला. त्यांनी लगेच उचलला.

'काका, कुठे आहात?'

'खाली, बाकावर. शेकाच्या वेळी मला घरात थारा नसतो.'

'वर जा. आत्ताच्या आत्ता. खोलीची खिडकी उघडा आणि शेगडी बाहेर काढा.'

'मी?' काका हसले. 'अहो मॅडम, ही मला फाडून खाईल. त्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं शेकाच्या वेळी.'

'काका, निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. खिडकी बंद आहे. प्राजक्ता आणि बाळ आत आहेत. फोन बंद करू नका, असाच हातात ठेवून जा.'

पलीकडे चपलांचा आवाज. मग धापा.

'लिफ्ट वर अडकलीय.'

'जिन्याने जा.'

माणूस साठीच्या पुढचा, गुडघ्यांना पट्टे बांधणारा. त्यांचा श्वास माझ्या कानात येत होता आणि मी वेलनेस रूमच्या मधोमध उभी होते. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. बेल वाजली. दार उघडलं.

'आता कशाला वर आलात?' काकू.

'सरक.'

'अहो, मावशी अजून—'

'सरक म्हणतो ना!'

कदमकाकांना असा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात बहुधा कुणालाच वाटलं नसावं. मग मालीशवाल्या बेबीमावशींचा आवाज आला. त्या जवळच्याच गावठाणातल्या.

'काका, भाईर र्‍हावा. बालंतीन हाय आत. आवरी पोरा शेकली मी, कवा कुनाला काय झाला नाय.'

खिडकी सरकल्याचा कर्कश आवाज. काहीतरी लोखंडी फरफटत गेलं. मग काका म्हणायला लागले, 'प्राजू. ए प्राजू. बाळा, डोळे उघड.' पुन्हा तेच. पुन्हा.

'झोपलीय ती,' काकू म्हणाल्या. 'शेकाने झोप लागतेच बाळंतिणीला.' आणि मग त्यांचा आवाज बदलला. 'अहो, ही मान का टाकतेय अशी?'

'बाळ रडतंय का?' मी फोनमध्ये ओरडले. 'काका, बाळ? बाळाला गॅलरीत न्या!'

मला कुणी उत्तर दिलं नाही. सगळे एकदम बोलत होते, काकू देवाचं नाव घेत होत्या, मावशी काहीतरी सांगत होत्या, आणि ज्या आवाजाची मी वाट बघत होते तेवढा एकच आवाज त्यात नव्हता. मी फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग लांबून, रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात मिसळलेलं, एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं. गॅलरीतून.

माझं बोलणं साहेबांनी ऐकलेलंच होतं. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाले, 'मॅडमना खांदेश्वरला सोड, आणि सांगतील तिथे थांब.' रंगाचा विषय पुन्हा काढला नाही. तेव्हापासून मी त्यांच्या कारंज्याला हसत नाही.

गाडीतूनच काकांना सांगितलं, रिक्षा पकडा आणि दोघींना जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या, डॉक्टरांना शेगडीचं आधी सांगा. मी पोचले तेव्हा प्राजक्ताच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाळाला आतल्या विभागात नेलं होतं. काकू बाकावर बसल्या होत्या, अंगावर घरातलाच गाऊन, पायात काकांच्या चपला.

मला बघून त्या उठल्या नाहीत. 'हिरवं होतं हो, मॅडम,' एवढंच म्हणाल्या. 'मी सारखी बघत होते. हिरवंच होतं.'

माझ्या फिल्टरचं, पंख्याचं आणि कणांचं सगळं ज्ञान त्या क्षणी माझ्याजवळ होतं. ते तसंच ठेवून मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

तरुण डॉक्टरबाई प्राजक्ताच्या बोटाला लावलेली क्लिप बघत होत्या. काकू मान लांब करून त्यावरचा आकडा वाचायला लागल्या. 'चांगला आहे ना आकडा? म्हणजे बरी आहे ना ती?'

'या आकड्यावर जाऊ नका,' डॉक्टर म्हणाल्या. 'रक्तात ऑक्सिजन आहे की तो वायू, हा फरक या क्लिपला कळत नाही. दोन्ही सारखंच दाखवते. रक्त तपासायला पाठवलंय, त्यावरून कळेल.'

काकूंनी क्लिपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'म्हणजे हीपण तसलीच?'

मी मान डोलावली.

बेबीमावशी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. 'माजा पन डोका दुखतंय दोन दिस,' त्या हळूच म्हणाल्या. 'मना वाटला, उन लागला.' डॉक्टरांनी त्यांनाही आत बोलावलं आणि मास्क लावला. 'मना कशाला?' म्हणून त्यांनी भरपूर वाद घातला. थोड्या वेळाने काकूंनाही लावला. त्या बायका ओळीने मास्क लावून बसल्या होत्या आणि कदमकाका एकीकडून दुसरीकडे येरझाऱ्या घालत होते. घराबाहेर काढलं जाण्याच्या रिवाजामुळे ते एकटेच धड उरले होते.

संध्याकाळी प्राजक्ता नीट बोलायला लागली. तिने आधी बाळ कुठे आहे विचारलं, मग 'आई, मला भूक लागलीय' म्हणाली. तेव्हा काकू मास्क बाजूला करून रडल्या. बाळाला दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं. ते दूध प्यायला लागलं, डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं. 'आणखी थोडा उशीर झाला असता तर?' असं काकांनी विचारलं, आणि डॉक्टरबाईंनी 'नाही ना झाला,' असं म्हणून पुढच्या पेशंटचा कागद उचलला. मला त्या उत्तराबद्दल त्यांचा फार आदर वाटला.

धीरजभाईंना मी सगळं सांगितलं. ते हळहळले, मिठाईचा पुडा पाठवला. अगरबत्तीचा प्रयोग मात्र बंद केला नाही. तो बंद केला तर विकायचं कसं, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. मी एवढंच केलं की त्या प्रयोगानंतर गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन विचारायचं, 'घरात काय काय पेटवता?' निम्मी माणसं दुखावतात. त्यांना वाटतं, बाई आपल्या गरिबीची चौकशी करतेय. वाशीच्या एका गृहस्थांनी तर ऐकवलं, 'आमच्याकडे मॉड्युलर किचन आहे.' मी तरी विचारते. बाथरूममधला गॅस गीझर, धुरी, कापराचा होम, बाळंतिणीची शेगडी. जे पेटतं त्याला खिडकी लागते, यंत्र नाही. हे वाक्य मी कार्डावर छापायला सांगितलं होतं. धीरजभाई म्हणाले, जागा नाही.

खांदेश्वरचं यंत्र परत आणायला मी मुद्दाम बरेच दिवस गेले नाही. मला वाटत होतं, दारातच काकू ते माझ्या अंगावर टाकतील. शेवटी एका संध्याकाळी गेले. काकूंनी चहा केला. शेगडी घरात नव्हती. गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या होत्या, आणि बेबीमावशी पिशवीने शेकताना 'ह्याला काय शेक बोलतान?' म्हणून रोज कुरकुरत होत्या. बाळाचं बारसं झालं होतं. नाव ईरा.

'मशीन न्यायला आलात?' काकूंनी विचारलं.

'नको असेल तर नेते.'

'नको कसं? बाहेरची हवा बघा की.' बाहेर खरंच सगळं करडं झालं होतं, आणि तळोज्याचा तो वास खोलीपर्यंत आला होता. खिडकी उघडी होती. यंत्राचा दिवा लाल होता आणि पंखा जीव तोडून फिरत होता.

'रोज संध्याकाळी हेच,' काकू म्हणाल्या. 'खिडकी उघडली की हे लाल होतं. बंद केली की हिरवं होतं. आणि हिरवं झालं की मला धडधडायला लागतं. मी उठून उठून पोरीच्या नाकाशी हात धरते. तुम्ही यातल्या जाणकार. सांगा, काय करू?'

याचं उत्तर मला येत होतं. मी ते नीट सांगितलं. आता आत काही पेटत नाही, तेव्हा हवा अशी वाईट असेल तेव्हा खिडकी लावायला हरकत नाही. दुपारी हवा जरा मोकळी होते, तेव्हा सगळं उघडून खोली खेळती करायची. गॅस पेटवला की स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवायचा. यात भिण्यासारखं काही नाही.

काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. उठून खिडकीशी गेल्या आणि ती सरकवून लावली, अगदी शेवटपर्यंत. वास थांबला. यंत्राचा आवाज हळूहळू उतरला, आकडा खाली आला, दिवा हिरवा झाला. खोली शांत झाली. पाळण्यात ईराने मुठी उघडल्या, मिटल्या.

काकूंचा हात खिडकीवरच होता. त्या दिव्याकडे बघत होत्या. मीही बघत होते. हिशेबाने सगळं बरोबर होतं, आणि मी मात्र पाळण्यातलं ते पांघरूण खालीवर होतंय का ते शोधत होते.

काकूंनी खिडकी परत उघडली. दिवा लाल झाला, पंखा गुरगुरायला लागला.

'राहू दे लाल,' त्या म्हणाल्या. 'लाल असलं की निदान मी लक्ष ठेवते.'

मी दुकानाचा फॉर्म बॅगेतून काढला आणि 'विकलं' या ओळीवर त्यांची सही घेतली.